अंश

मिसेस प्यू पाणी घेऊन आल्यात
मार्मालेडच्या बरणीत.
लेबल तसंच आहे: जानेवारी,
यजमानांचं अक्षर, तिरकं, घाईचं.
डोंगरातल्या शेतावरून दोन बस बदलून
अ‍ॅबरिस्टविथला, तिसऱ्या मजल्यावर,
नेमकी लिफ्ट बंद असताना.
बरणी टेबलावर ठेवून म्हणाल्या,
"तीन मेंढ्या गेल्या. चौथी
भिंतीला डोकं लावून उभी असते.
माणसांचं नंतर बघू."

पाणी बघायला नितळ.
आमच्याकडे म्हणतात, तळ दिसेल असं.
तळ दिसतो, तेच तर.

यंत्र म्हणजे काय, काचेचा लोलक,
त्याच्या पाठीवर सोन्याचा थर,
केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ.
गुंजेचा हजारावा हिस्साही भरायचा नाही;
संगमनेरला काकांच्या पेढीवर
संध्याकाळी झाडलेल्या धुळीत याहून जास्त निघे,
झारेकरी त्यासाठी भांडत.
तिथे सोन्याला कसोटी लागायची,
काळ्या दगडावर पिवळी रेघ.
इथे सोनंच कसोटी,
आणि रेघ काळी.

तांबडा किरण लोलकातून सोन्यावर जातो, परततो.
एका कोनात मात्र परतत नाही.
सोन्यातले इलेक्ट्रॉन त्याला आत ओढून घेतात,
पृष्ठभागावरून एक लाट धावून विरते
आणि पडद्यावर तेवढीच जागा अंधारी.
मी दिवसभर
न परतलेल्या उजेडाकडे बघत बसते.
पगार त्याचाच मिळतो.

सोन्याच्या दुसऱ्या अंगाला, पाणी वाहतं तिथे,
मी रेणूंचं बारीक गवत लावलंय,
शिशाखेरीज कुणालाही दाद न देणारं.
(खरं म्हणजे जस्तालाही थोडी देतं.
प्रबंधात ते तळटीपेत गेलंय.)

आधी शुद्ध पाणी सोडलं. रेघ जागच्या जागी.
मग बरणीतलं.
रेघ सरकली.

मी हीटरवर संशय घेतला.
तो बंद केला, खोली थंड होऊ दिली,
मिसेस प्यू कोट न काढता बसून राहिल्या,
पर्स मांडीवर, बोटं पर्सच्या कडीवर.
पुन्हा सोडलं.
पुन्हा तेवढीच.

एका अंशाचे वीस सहस्रांश.
मराठीत कोन मोजायचा तोही अंश
आणि पाण्यात लपून राहतो तोही अंशच.
इथल्या भाषेत दोघांना वेगळे शब्द आहेत,
ते एकमेकांना ओळखत नाहीत.
मी वहीत लिहून ठेवलं
शिसपेन्सिलीने,
जिच्यात शिसं नसतंच.

"किती?"
"मर्यादेच्या चौपट."
"पण आमचा झरा खाणीच्या वर आहे," त्या म्हणाल्या.
"वर. खाली नाही."
शंभर वर्षांपूर्वी बंद झालेली खाण,
आत कुठून कुठे बोगदे गेलेत
हे खणणारेही आता सांगायला नाहीत.
मी तसं बोलले नाही. म्हणाले, नळाचं पाणी मागवा.

त्या खिडकीशी गेल्या. समुद्र करडा होता.
"ते म्हणायचे, गावातल्या चहाला चवच नाही,
चहा आपल्या पाण्याचा.
दिवसाला नऊ-दहा कप.
शेवटी शेवटी माझं नाव आठवेना त्यांना.
ते यामुळे?"

मी म्हणाले, हे यंत्र फक्त पाण्याचं सांगतं.

बरणी त्यांना परत हवी होती.
नळाखाली धरली तेव्हा वाकडी धरली,
लेबल भिजू नये म्हणून.
तरी जानेवारीचा एक काना ओला झालाच.

त्या गेल्यावर सोन्यावरून आम्ल सोडलं.
धरलेलं सगळं त्याने सोडून दिलं,
रेघ माघारी निघाली, मूळ जागेपाशी आली
आणि किंचित अलीकडे थांबली.

बहुधा हीटर.