टब अंगणात आहे

मे महिन्यात लुसियेनने न्हाणीघराची जमीन उखडली.
म्हणाला, दोन आठवडे.
वरच्या फळ्या हातानेच निघाल्या,
चहात बुडालेल्या पावासारख्या,
आणि खालच्या तुळईला त्याने पेचकस लावला
तर तो मुठीपर्यंत आत गेला.
बराच वेळ तो तसाच उकिडवा बसून राहिला,
रोग्याची नाडी धरल्यासारखा.
मी दारातून विचारलं, दोन आठवडे?
तो म्हणाला, आधी टब बाहेर काढू.

चार पायांचा बिडाचा टब.
ऑरेल, त्याचे दोघे मुलगे, लुसियेन आणि मी,
ओसरीच्या तीन पायऱ्या उतरायला अर्धा तास.
शिव्या फ्रेंचमध्ये, सूचना इंग्रजीत,
नदीपलीकडच्या कॅनडालाही ऐकू गेल्या असतील.
सफरचंदाच्या झाडाखाली तो टेकला
आणि तिथलाच होऊन गेला.

जूनमध्ये त्यात कोबीची रोपं ठेवली.
जुलैत बदकं शिरली, ती निघेनात.
मार्गोने त्यांना नावं दिली, म्हणजे आता खाताही येणार नाहीत.

आणि आम्ही स्वयंपाकघरात, जस्ताच्या टोपात,
दर शनिवारी:
आधी मार्गो, मग क्लोव्हिस पडदा लावून
(तो बारा वर्षांचा झालाय), मग मी,
सगळ्यात शेवटी लुसियेन,
तोवर घरातल्या सगळ्यांचा रंग आलेल्या पाण्यात,
गुडघे हनुवटीला लावून, काही न बोलता.
बोलेल कसा?

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून.
आम्ही दोन्ही केलं.
दोन्ही अजून चालूच आहेत.

खिडक्यांना काचा आहेत, पट्ट्या नाहीत.
जिन्याला कठडा आहे, वरच्या चार पायऱ्या सोडून.
कोंबड्यांचं खुराडं मात्र पुरं झालं:
भिंतीत लोकर, दाराला आपोआप पडणारी कडी.
गेल्या जानेवारीत माझ्या उशीवर दहिवर जमलं होतं
तेव्हा मी मनात म्हटलं,
जाऊन कोंबड्यांत झोपावं.

ऑगस्टमध्ये बरण्या. एकशे बेचाळीस.
त्यातल्या चोवीस ऑरेलला गेल्या,
आणि अर्धं कोकरू,
तेव्हा कुठे हेमलॉकची तुळई आली, ओलसर, राळेच्या वासाची.
सप्टेंबरात बटाटे. शाळा बंद, पोरं शेतात,
संध्याकाळी सगळा ढीग त्याच टबात धुवायचा,
बदकं कडेने फिरत कुरकुरायची, घरमालकासारखी.

मग ऑक्टोबरातली ती रात्र.
कोणी काही बोललं नव्हतं. भांडण नाही, काही नाही.
फक्त माझ्या नखांत महिनाभराची माती होती.
पोरं झोपली. मी चुलीवर पाणी चढवलं,
एकेक करून अकरा बादल्या अंधारात नेल्या,
बूच सापडेना म्हणून क्लोव्हिसचा मोजा कोंबला,
कपडे फांदीला अडकवले
आणि शिरले.

गळ्यापर्यंत ऊन पाणी, वर उघडं आभाळ,
गवतावर दव कडक व्हायला लागलेलं.
एक पीस तरंगत आलं, खांद्याला लागलं.
एक उशिराचं सफरचंद कुठेतरी पडलं.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
माझं अंग मला पुरं एकाच वेळी ओलं मिळालं.

लुसियेन कंदील घेऊन आला.
पालथी बादली शोधून तिच्यावर बसला.
म्हणाला, तुळई बसली. पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा मधोमध.
वर फळ्याही ठोकल्या.
उद्या ऑरेलला बोलावतो, टब आत घेऊ.

पाच महिने मी हेच वाक्य मागत होते,
कधी गोडीने, कधी बशा आपटून.

मी म्हटलं, रविवारनंतर बघू.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे,
मग उठून आत गेला. वाटलं, रागावला.
तो किटली घेऊन परत आला, वाफाळती,
टबाच्या पायथ्याशी वाकला
आणि म्हणाला,
पाय बाजूला घे.