वास : हो / नाही

नमुन्याच्या फॉर्मवर वासाला एकच चौकोन आहे.
हो किंवा नाही.
कसला, हे लिहायला जागा नाही,
आणि बावीस वर्षं मी त्या चौकोनात
पेनाचं टोक टेकवत आलोय.

गुरसिद्धव्वा आली मंगळवारी, बाराच्या एसटीनं,
लिंबू-सोड्याच्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन.
म्हणालो, ही चालत नाही.
निर्जंतुक बाटली लागते, जलसुरक्षकाची सही लागते,
आणि बर्फ.
"बर्फ कशाचा करू?" ती म्हणाली. "ह्याचाच?"

टोपण फिरवलं मात्र,
खोलीत पेट्रोल पंप उभा राहिला.

तिची वस्ती टाक्यांच्या पलीकडं, रुळाच्या अंगाला.
कुठल्याशा समुद्राखालून उपसलेलं तेल
पाइपातून, वाघिणीतून तिथवर येतं,
पांढऱ्या टाक्यांत मुक्काम करतं,
रात्री टँकरनं निघतं लातूरला, विजापूरला.
आलं तेवढं गेलं, असं कागद म्हणतात.
"थोडं ऱ्हातंय की," ती म्हणाली,
"पाव्हण्यागत. खाली."

आधी म्हशीनं तोंड फिरवलं.
मग इरण्णाच्या पोरीच्या ओठाला चट्टे.
मग पोलीसपाटलाकडं बैठक.
डेपोचे दोन साहेब आले, पाणी चांगलंय म्हणाले.
चहा झाला, तो विकतच्या जारच्या पाण्याचा.

मी तिला माझ्याकडची बाटली दिली.
गुरुवारी ती परत आली,
मासळीवाल्याकडून आणलेल्या बर्फात बाटली खुपसून.
मी तपासलं. खरंच तपासलं,
जेवढ्याचं सामान माझ्याकडं आहे तेवढं सगळं :
क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड.
आतड्यातले जंतू एकही नाहीत.
एरवी मला बरं वाटलं असतं.
तेलाचं यंत्र पुण्यात. त्याला पत्र लागतं,
पत्राला साहेब,
साहेब रजेवर.

अहवाल निघाला :
तपासलेल्या घटकांपुरते पिण्यास योग्य.
"पुरते" हे मी घातलेलं.
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं उतरवताना
शेवटचे तीन शब्दच घेतले.

जाताना तिनं फडक्यातून कडक भाकरी काढली.
"त्याच पाण्यात मळलीय. खाऊ नको, ठेव.
आमची भाकरी चार म्हैने टिकती.
तुझा कागद?"

आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ येतो.
हल्ली मी पहिली ओंजळ नाकाशी नेतो.
बायको म्हणते, हे पाणी घरचं आहे,
ह्याला पावती नको.

भाकरी ड्रॉवरमध्ये आहे, शिक्क्यांच्या डब्याशेजारी.
ह्या खोलीतल्या मुंग्या कशाला सोडत नाहीत,
साखर, डिंक, जंतू वाढवायच्या ताटल्यासुद्धा.
पण भाकरीजवळ त्यांची रांग
चार बोटं आधीच वळते.
रोज बघतो. रोज तिथंच.

काल नवा फॉर्म घेतला.
नमुन्याचा प्रकार : विहीर, बोअर, नळ,
तिन्ही खोडून लिहिलं, भाकरी.
घेणाऱ्याचं नाव : गुरसिद्धव्वा.
सही : माझी.
वास, हो.
मग पेन चौकोनाबाहेर गेलं,
समासात, पाठीमागं,
आणि साडेपाचला शिपाई दिवे बंद करायला आला
तेव्हा मी अजून लिहीतच होतो
कसला.