दोन बोटं माया

धरमपेठेतल्या त्या हॉलमध्ये
मे महिन्याच्या दुपारी शिरलो ते, खरं सांगू मॅडम,
आधी कूलरसाठी.
माझं दुकान गोकुळपेठेत, जिन्याखाली.
जीन्स आखूड करणे, चेन बसवणे.
शेहेचाळीस डिग्रीत मशीनचं चाकही चटका देतं.

मग पाटीवर तुमचं नाव दिसलं. ऋजुता पराते.
छायाचित्रं.

अकरा वर्षं तुमच्या टेबलावर कापलं मी.
तुम्ही कागदावर रेघ ओढायच्या,
मी कात्री चालवायचो,
रायपूर-जबलपूरच्या नवऱ्या यायच्या फिटिंगला.
एक दिवस एक पोरगी आरशासमोर रडून राहिली होती
आणि आपण दोघं, तोंडात टाचण्या धरून,
तिच्या घेराची उंची पाहत होतो.
घेर छान पडला.
तुम्ही मात्र त्या दिवाळीनंतर दोन मशिनी विकल्या
आणि कॅमेरा घेतला.

काऊन मॅडम? म्हणालो होतो मी. रागानंच.
चालता धंदा कोणी उसवतो का असा?

आज भिंतीभिंतीनं चाललो
हात मागे बांधून,
दुसऱ्या शिंप्याचा माल बघतात तसा,
खोट काढायला.

तांडापेठेतला कोष्टी, मागाच्या खड्ड्यात, पाठमोरा.
कौलातून आलेलं ऊन त्याच्या बनियनवर
उरेब कापल्यासारखं तिरकं,
एक सूत ओढलं गेलेलं नाही.
संत्रा मार्केटात पेट्या भरणारी बाई,
लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट, काखेत उसवलेला.
ती शिवण तुम्ही झाकली नाही.
पूर्वीच्या तुम्ही असत्या तर टाचणी लावली असती.

बंद गिरणीचं फाटक. त्यावर वाळत घातलेलं
एक झबलं, उलटं.
हं. उलटं.
शिवणाऱ्याची परीक्षा उलट्या बाजूनं होते,
हे कोणी शिकवलं तुम्हाला? मीच.
आणि तुम्ही अख्खं नागपूर उलटं करून
दिव्याखाली धरलंत,
गाठ न् गाठ दिसेल असं.

खोट सापडलीच नाही, असं नाही म्हणत.
तो फुटाळ्याचा सूर्यास्त नसता तरी चाललं असतं.
तसले घागरे आपण काय कमी विकले?

शेवटच्या भिंतीवर माझे हात होते.
कधी काढले? मला न सांगता?
अंगठ्यावर कात्रीचा घट्टा, खडूनं पांढरी नखं.
तोंड नाही. खाली नुसतं ‘मास्टर’.
हात पार डाव्या कडेला,
उजवीकडे रिकामं टेबल आणि उजेड.
शिकाऊ पोरगं म्हणालं असतं, जागा वाया घालवली.

मी गळ्यातली टेप काढून काचेला लावली.
चौकीदार धावला, काका, हात नका लावू.
अरे बावा, म्हटलं, मोजून राहिलो.

शिवणीत माया ठेवा, रोज ओरडायचो तुमच्या पोरींवर.
माणूस भरतो, वाळतो,
कापडाला सरकायला जागा पाहिजे.
ती दोन बोटं तुम्ही उचलून इथं आणलीत,
कोष्ट्याच्या पाठीशी, त्या बाईच्या कोपराशी,
माझ्या हातांच्या उजवीकडे.
उद्या यांना हलावंसं वाटलं तर.

बाहेर लू तशीच.
दुकानात एका पोराची जीन्स पडली होती,
तीन इंच कमी करायची, सहा वाजता द्यायची.
कात्री घेतली होती हातात.
मग कापलं नाही. आत दुमडलं.