साडेचार फूट

नणंद परत आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून.
शिलाई मशीन ताडपत्रीत गुंडाळलेलं,
ती स्वतः उघड्या उन्हात.
कोणी काही विचारलं नाही. मी ताट वाढलं.
रात्री हे म्हणाले, माळा रिकामा करू.

माळा म्हणजे कवेलूखाली उरलेली हवा.
मधोमध साडेचार फूट, कडेला जेमतेम कोपरभर.
तिथे लाखोळीची ढोली, मोहफुलांचं गाठोडं,
माझ्या रुखवतातली पेटी, कपबश्यांची, दोरीही न सोडलेली,
तान्ह्या पोळ्याचा नंदी, तीन चाकांचा,
आणि कुणाला ठाऊक नसलेली मी.

अकरा वर्षं.
भांडी घासून झाली की शिडी चढायची,
"लाखोळीला किडे लागले का पाहून येते" म्हणत.
लाखोळीला किडे कधी लागले नाहीत.

वांदरांनी एकदा उगवतीकडचं एक कवेलू सरकवलं,
तेव्हापासून ते माझं.
दर मे महिन्यात घर फेरलं जायचं, छप्पर नीट व्हायचं,
आणि आठवड्याभरात मी ते पुन्हा चार बोटं ढकलायची.
चार बोटांत बोडी मावते.
म्हशी, शिंगाड्याची पानं,
डोंग्यात उताणा झोपलेला ढिवराचा पोरगा,
मला हाक न मारणारं सगळं.
पावसाळ्यात तिथे जर्मनचा गंज ठेवायची.
गळतं कुठून, हे यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

टेकाम मिस्त्री आला.
"भिंत दोन फूट चढवा लागते जी, म्याल वर घ्या लागते.
राहणाराची उंची सांगा."
नणंद भिंतीला पाठ लावून उभी राहिली.
त्यानं विटेच्या तुकड्यानं डोक्यावर रेघ मारली,
मग म्हणाला, हात वर करा बाई,
केस विंचरा लागतात, लुगडं वाळत टाका लागते.
दुसरी रेघ पहिलीच्या बरीच वर गेली.

"अन् खिडकी कोणीकडं काढू?"
हे म्हणाले, रस्त्याकडं.
मामंजी म्हणाले, खिडकी कायले, कूलर बसते तेवढं भगदाड पुरे.
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
बोडीकडं. तिसऱ्या फाट्याच्या डाव्या अंगाला.
वारा तिकडूनच येतो, आणि बारानंतर ऊन नसतं.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.
मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.
"वहिनीबाईनं माप आधीच घेतलं दिसते,"
मिस्त्री म्हणाला, आणि कोणी हसेना म्हणून
एकटाच हसला.

अठरा दिवस घराला डोकं नव्हतं.
आम्ही दोघी अंगणात कवेलू झाडून रचत होतो,
फुटकी एकीकडे, धड एकीकडे.
एक तिच्या हातात थांबलं.
"हे कडेला एवढं काळं कसं?"
धूर असेल, मी म्हटलं.
तिनं त्या डागावर आपली चार बोटं ठेवून पाहिली,
नेमकी बसली,
आणि ते कवेलू धड असूनही
तिनं फुटक्यांतही टाकलं नाही, धडांतही नाही.
कुठं ठेवलं, मी विचारलं नाही.

आता वर बांबूचा तट्टा आहे, चुन्याचा हात आहे,
विटांचा जिना. शिडी गोठ्यामागं उभी,
तिच्यावर वालाचा वेल चढलाय, दोन पायऱ्या उरल्यात त्याच्या.
दिवसभर मशीन चालते, सणासुदीला रात्रीही.
गावातली ब्लाऊजं आता साकोलीला जात नाहीत.

दुपारी भांडी घासून झाली की मशीन थांबते.
जिन्याच्या तोंडाशी येऊन ती ओरडते, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"वहिनी, लाखोळीला किडे लागले असतील, पाहून जा!"

लाखोळीची ढोली तर खाली आहे, चुलीजवळ.

मी पदराला हात पुसत चढते.
शेवटच्या पायरीवर मान अजून आपोआप वाकते
जिथे म्याल होता.