मांजराचं तळं

टेम्पो सकाळी सहाला येणार,
म्हणून रात्रीच खोकी बांधायला घेतली.
खोकी गुंडू किराणावाल्याकडची.
एकाला साबणाचा वास, एकात बिस्किटांचा चुरा,
एकात मिरचीचा खकाणा. बांधताना तिघंही शिंकलो.

आलो तेव्हा दोनच बॅगा होत्या.
"पंधरा दिवस ऱ्हातो," म्हटलं होतं लुमाण्णाला,
आणि त्यानं ते पंधरा दिवस कधी मोजलेच नाहीत.
चाकणची कंपनी वैशाखात बंद पडली.
आता मार्गशीर्ष.
भात कापून, मळून, पोत्यात भरून झालंय.
मळणीला मी होतो, बारा वर्षांनी.
रात्रभर अंग खाजलं,
आणि आठ महिन्यांत त्या एका रात्री
मला गाढ झोप लागली.

भांडणं दोन झाली.
एक गॅसच्या टाकीवरून.
दुसरं कशावरून ते आता आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.
दुसऱ्या दिवशी भाजलेली चार रताळी
आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर होती,
राख न झाडलेली.

सुनंदानं आपला कुकर मागं ठेवला,
मालनवैनीच्या कुकरची शिट्टी गळते म्हणून.
मालनवैनीनं तो परत खोक्यात घातला.
सुनंदानं काढला.
जेवणं झाल्यावर बघतो तर पुन्हा खोक्यात,
आणि आत ठासून भरलेला तांदूळ.
"तिकडं गावतोय व्हय असला वास?"
मी म्हटलं, गावतो की.
"गावू दे मग," म्हणाली, आणि झाकण लावलं.

समृद्धी तिसरीत. मार्कर तिच्याकडं.
खोक्यांवर नावं घालते आहे, कन्नडात.
पात्रे. बट्टे. अक्की.
फुटाण्यासारखी गोल गोल अक्षरं, एकाला एक चिकटून.
मला ह्याच शाळेत कन्नडात पस्तीस मार्क पडायचे,
तेही गुरुजींच्या दयेनं.
आता बसची पाटी वाचतो,
तीही बस थांबलेली असली तर.

"पप्पा, बेक्कु म्हणजे मांजर. केरे म्हणजे तळं.
म्हणजे बेकिनकेरे म्हणजे मांजराचं तळं!"

बेचाळीस वर्षं हे नाव लिहितोय.
दाखल्यावर, रेशनकार्डावर,
कंपनीच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' ह्या रकान्यात.
कधी फोडून बघितलं नव्हतं.
तळ्यावर म्हशी पाहिल्यात, बगळे,
एकदा पाण्यात पडलेली मोटरसायकल.
मांजर एकही नाही.
"असंल की," मी म्हटलं,
"रात्रीचं येत असंल."

पहाटे धुकं.
टेम्पोवाला हात चोळत उभा, त्याला निपाणीपर्यंत ऊन पडायला हवंय.
लुमाण्णा एकेक खोकं उचलतो,
मला हात लावू देत नाही.
"तुझ्या कंबरंचं न्हाई जमायचं," एवढंच बोलतो.
शेवटच्या खोक्यावर टॉर्च मारतो आणि थांबतो.
त्यावर पात्रे नाही, बट्टे नाही.
एक लांब ओळ आहे, खोक्याच्या कडेवरून खाली वळलेली.
लुमाण्णाला येतं वाचता.
अडतीच्या पावत्या तो घडाघडा वाचतो.

"काय लिवलंय रं?"
"काय न्हाई."
टॉर्च विझवली.
"पोरगीला इचार."
मग ते खोकं त्यानं पोत्यांवर ठेवलं नाही.
पुढं नेलं, केबिनच्या पाठीला टेकवून ठेवलं,
दोरीचे दोन वेढे जास्त दिले.

जाऊन येतो, मी म्हटलं.
बरं, तो म्हणाला.
मालनवैनी दारात नव्हत्याच,
आत भांडी वाजत होती.

पोरगी केबिनमध्ये झोपलेली,
तोंड उघडं, बोटांना शाई.
तिला उठवलं नाही.
काकती गेली.
हत्तरगीच्या टोलपर्यंत
ती ओळ डोळ्यापुढं आणून
एकेक अक्षर जुळवत बसलो.
मधलं काही हाती लागलं नाही.
पहिलं अक्षर मात्र 'हो' होतं,
तेवढं नक्की.