सीझियम

पोतनीस काकांनी शिशाची डबी उघडली,
चिमट्यानं, सवयीनं मान वळवून.
मी मोजलं: मिनिटाला चारशे दोन.
वहीत काकांच्याच अक्षरात
आठशे चाळीस.

"यंत्र बिघडलंय."
"यंत्र बराबर छे," काका हसले,
"वही ब्याण्णवची आहे, पोरी.
मी लागलो त्या साली मोजलेलं."

खाली सयाजीगंजात रिक्षावाले भांडत होते.
आज काकांचा शेवटचा शुक्रवार.
छातीवरचा डोसमापक बिल्ला काढून
त्यांनी चहाच्या सुट्ट्या पैशांवर ठेवला.

मी वहीत तारीख घातली,
चारशे दोन लिहिलं. माझं अक्षर
त्यांच्याखाली फारच कोवळं दिसलं.

"संपतं कधी हे?"
"निम्मं होतं," डबी मिटत म्हणाले,
"संपलेलं मी तरी पाहिलं नाही.
आणि हे बघ, कपाटाची किल्ली अडकते,
जरा उचलून फिरव."