खुडूक

बामणोलीहून सातारा पस्तीस किलोमीटर.
अकरा महिन्यांत एवढ्याशा अंतराला
मी अंतर म्हटलं नव्हतं.
तरी दुपारची एसटी माझ्यासमोर वळली,
हॉर्न देऊन घाटाला लागली,
आणि मी लाँचच्या धक्क्यावर
बुटाची नाडी सोडत, बांधत, सोडत राहिले.

चौथीत भोईटेबाई नकाशावर
लाल खडूनं आडवा पट्टा ओढायच्या.
हा उष्ण कटिबंध, लिहून घ्या.
त्या पट्ट्यावरून चालून आलेय मी.
मेकाँगच्या गढूळ पाण्यावर बोटीत झोपले,
सुमात्रात जळवांना मीठ चोळलं,
गॉलच्या स्टेशनात तापानं फणफणले तेव्हा
एका अनोळखी बाईनं कपाळावर
लिंबाची ओली साल ठेवली.
सगळीकडे तीच केळ, तोच फणस,
भातखाचरात गुडघ्याएवढं तेच पाणी.
पट्टा संपतो कुठं
ते बाईंनी सांगितलं नव्हतं.
तानाबाई संकपाळांच्या पडवीत संपतो बहुतेक.

"वझं काय गं हे एवढं?"
त्यांनी सॅक उचलली, एका हातानं,
बाजारात बोकड जोखावा तशी.
चौदा किलो, मी म्हणाले.
"आन् आत काय?"
मला पटकन सांगता येईना.

मग खळ्यातच ओतली सगळी, उन्हात.
बुरशी धरलेला रेनकोट.
साबणाची चिपटी.
चपलांच्या जोडातली एक.
तुटक्या चेनला बांधलेली हिरवी सुतळी,
ती मात्र लुआंग प्राबांगची, अजून घट्ट.
पाच देशांची नाणी स्वरांजलीनं
लहानमोठी लावली, मोजली,
आणि विचारलं, यातल्या कशाला लिमलेटची गोळी येईल?
कशालाच नाही, बाळा.
"मग आणली कशाला?"

दुसऱ्या दिवशीही गेले नाही.
मंगळवार पेठेत तीन खोल्या आहेत,
दाराखालून सरकलेली विजेची बिलं असतील,
अजून आईच्याच नावाची.
तानाबाईंनी काही विचारलं नाही.
नाचणीची भाकरी वाढली,
वर खरवड्या वांग्याचं कालवण,
आणि उरलेलं स्वतः उभ्यानं खाल्लं.

तिसऱ्या सकाळी तोंड धुऊन आले
तर सॅकमध्ये कोंबडी.
भुरी, मानेला पिसं नसलेली.
माझ्या लोकरी टोपीवर अंग पसरून,
डोळे अर्धे मिटून,
कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखी.
हुसकली तर दुप्पट फुगली.

"खुडूक झालीया," तानाबाई म्हणाल्या.
"चार दिस जागा हुडकत व्हती.
पाटीत बसंना, डालग्यात बसंना.
तुझीच पसंत पडली बघ."
आणि मडक्यातून अकरा अंडी आणून
एकेक करून सारली तिच्या पोटाखाली,
मला न विचारता.

किती दिवस?
"एकवीस."

व्हिसाला याहून जास्त थांबलेय मी.
पण ते माझं थांबणं होतं.
हे तिचं.

वरच्या कप्प्यात घराची किल्ली होती.
हात घातला, तिनं टोच मारली,
अंगठ्याच्या मुळाशी टिपूसभर रक्त.
तानाबाईंनी हळद चेपली,
म्हणाल्या, "पिल्लं निघाली की ये.
दोन तुझी."

संध्याकाळची एसटी.
कासवर फुलं केव्हाच संपलेली,
पिवळं गवत एका बाजूला झोपलेलं.
मी सीटला टेकले आणि दचकले.
खांद्यांचे हात पट्टे शोधत वर गेले,
रिकामेच खाली आले.
कंडक्टरनं पायाशी पाहिलं, वर रॅकवर पाहिलं.
"सामान न्हाई?"
आहे. उबवायला ठेवलंय.
तो काही बोलला नाही,
मशीनमधून तिकीट फाडून दिलं,
बोगद्यापर्यंतचं.

यवतेश्वरच्या उतारावर
खाली गाव दिसायला लागलं,
कुठं दिवे, कुठं अजून नाही.
मूठ उघडून पाहिली.
किल्ली गरम होती.